घरच्या शाळेतून कॉलेजची क्रेडिट्स: नववीत जाणाऱ्या मुलीच्या पालकांना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहता. तुमची चौदा वर्षांची मुलगी सहावीपासून घरीच शिकते आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये नववी सुरू करील. तिला जीवशास्त्र आणि इतिहास हे विषय आवडतात आणि पुढे डॉक्टर होण्याचा तिचा विचार आहे. होमस्कूलिंग करणारी मुले बारावी संपेपर्यंत कॉलेजची दोन वर्षे पूर्ण करून टाकतात, असे तुमच्या कानावर आले आहे. हे कितपत खरे आहे, त्याचे मार्ग कोणते, सुरुवात केव्हा करावी आणि यात फसगत कुठे होते, हे तुम्ही विचारले आहे. शाळेचा दाखलाच नसलेल्या मुलीला कॉलेज उभे तरी करील का, ही तुमच्या सासूबाईंची काळजीही तुम्ही कळवली आहे.

मी माझी दोन्ही मुले याच राज्यात बारावीपर्यंत घरी शिकवली आणि त्यानंतर अनेक मराठी व इतर कुटुंबांना अभ्यासक्रम आखण्यास आणि ट्रान्सक्रिप्ट (विषय व श्रेणींचा अधिकृत उतारा) तयार करण्यास मदत करत आले आहे. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

सासूबाईंच्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात धाकधूक असेल तर मुलीवरही तिचे ओझे येते. नॉर्थ कॅरोलायनात १९८५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरी शिकवण्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९८८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तेव्हापासून घरची शाळा ही कायद्याच्या दृष्टीने एक बिगरसरकारी शाळा असते. तुम्ही राज्याच्या बिगरसरकारी शिक्षण विभागाकडे शाळेची नोंद केली, की त्या शाळेचे प्रशासक तुम्हीच ठरता. हजेरी तुम्ही ठेवता, वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी घेता, ट्रान्सक्रिप्टवर तुमचीच सही असते आणि बारावीचा डिप्लोमाही तुम्हीच देता. राज्यातील सरकारी विद्यापीठे या कागदपत्रांवर प्रवेशाचा विचार करतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर सक्तीच्या शिक्षणाचे वय संपते, म्हणून काही पालक शाळेची नोंदणी बंद करतात. ते मात्र कृपया करू नका. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) प्रवेश घेताना शाळा चालू असल्याचा पुरावा मागतात आणि नेमक्या त्याच वेळी तो हाताशी नसतो.

आता मूळ विषय. क्रेडिट म्हणजे कॉलेजचा अभ्यास मोजण्याचे एकक. क्रेडिट मिळणे, ते विद्यापीठाने स्वीकारणे आणि ते पदवीच्या अटींमध्ये लागू पडणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ या तिन्हींना एकच समजल्याने होतो. अमेरिकेतील चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिट्सची असते आणि एका सेमिस्टरचा एक विषय बहुधा ३ क्रेडिट्सचा असतो. त्यामुळे ६० क्रेडिट्स झाली की दोन वर्षे संपली, असा हिशेब सहज मांडला जातो. परंतु त्या १२० क्रेडिट्सचे कप्पे आधीच ठरलेले असतात. काही सामान्य शिक्षणाची, काही मेजरची म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची, काही मेजरसाठी आधी घ्याव्या लागणाऱ्या विषयांची आणि उरलेली ऐच्छिक. तुम्ही आणलेले क्रेडिट ज्या कप्प्यात बसायला हवे तो भरलेला असेल, तर ते ऐच्छिकांत जाते, आणि ऐच्छिकांचा कप्पाही भरला की ते ट्रान्सक्रिप्टवर नुसते पडून राहते. माझ्या थोरल्या मुलाने बारावीपर्यंत ४१ क्रेडिट्स मिळवली होती. विद्यापीठाने त्यांपैकी ३८ स्वीकारली आणि त्याच्या अभियांत्रिकीच्या पदवीत लागू पडली २६. उरलेल्यांसाठी घालवलेल्या संध्याकाळी वाया गेल्या असे मी म्हणणार नाही, कारण त्यातून तो पुष्कळ शिकला. पण ही तीन आकड्यांची उतरंड मला आधी ठाऊक असती, तर विषयांची निवड मी निश्चितच वेगळी केली असती.

म्हणून पहिले काम नववीच्या आधीच करावे लागते. तुमच्या मुलीला जिथे जावेसे वाटेल अशी तीन विद्यापीठे निवडा: एक राज्यातले सरकारी, एक खाजगी आणि एक राज्याबाहेरचे. तिची आवड पुढे बदलेल, ते ठीक आहे. या तिघांच्या संकेतस्थळांवर बाहेरून आणलेल्या क्रेडिट्सचे आणि परीक्षांमधून मिळणाऱ्या क्रेडिट्सचे तक्ते असतात. ते उघडून तिच्याबरोबर वाचा. कोणत्या परीक्षेला किती गुण मिळाल्यावर कोणता विषय सुटतो आणि तो विषय जीवशास्त्राच्या पदवीत कुठे बसतो, एवढे जरी तिने स्वतः शोधून काढले, तरी पुढची चार वर्षे अंधारात चालावे लागणार नाही.

तुमच्या राज्यात सर्वांत मोलाचा मार्ग म्हणजे करिअर अँड कॉलेज प्रॉमिस ही योजना. ती २०१२ पासून चालू आहे आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना राज्यातील कम्युनिटी कॉलेजांत शिकवणी शुल्काशिवाय विषय घेऊ देते. घरी शिकणाऱ्या मुलांनाही ती खुली आहे. पुस्तके आणि काही किरकोळ शुल्के तुमच्याकडे येतात. तुमच्याजवळचे कॉलेज म्हणजे रॅलीचे वेक टेक. या योजनेतील कॉलेज ट्रान्सफर मार्गासाठी, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात नेता येतील अशा विषयांसाठी, २.८ जीपीए (श्रेणींची सरासरी, अवघड विषयांना जादा वजन न देता काढलेली) किंवा पात्रता चाचणीतील गुण दाखवावे लागतात. घरच्या शाळेचा जीपीए पालकांनीच दिलेला असतो, त्यामुळे कॉलेजला त्याबरोबर बाहेरच्या चाचणीचे गुणही पाहावेसे वाटणे साहजिक आहे. दहावीत पीएसएटी (कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची पूर्वचाचणी) किंवा तत्सम चाचणी देऊन ठेवली तर हा प्रश्न उरत नाही.

ही योजना मोलाची आहे ती केवळ पैसे वाचतात म्हणून नव्हे. राज्यातील कम्युनिटी कॉलेजे आणि यूएनसी या राज्याच्या सरकारी विद्यापीठ समूहाची सोळा विद्यापीठे यांच्यात १९९७ पासून ट्रान्सफरचा सर्वसमावेशक करार आहे आणि २०१४ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली. त्या करारात सामान्य शिक्षणाच्या विषयांची एक खास यादी आहे. त्या यादीतला विषय किमान सी श्रेणीने उत्तीर्ण झाल्यास या सोळांपैकी प्रत्येक विद्यापीठाला तो सामान्य शिक्षणात धरावाच लागतो. ईएनजी १११ म्हणजे लेखनाचा विषय, एचआयएस १३१ म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला भाग, पीएसवाय १५० म्हणजे मानसशास्त्राची ओळख आणि एमएटी १७१ म्हणजे प्रीकॅल्क्युलसचे बीजगणित, हे सगळे त्या यादीत आहेत. वर मी सांगितलेली उतरंड इथे जवळजवळ नाहीशी होते. मात्र करार राज्यापुरता आहे. डरॅमचे ड्यूक विद्यापीठ तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर असले तरी ते खाजगी आहे आणि या करारात नाही. तिथे आणि राज्याबाहेर प्रत्येक विषयाचा स्वतंत्र विचार होतो.

इतर राज्यांतील मराठी कुटुंबेही मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून ओझरते सांगते. मिनेसोटात अशी योजना १९८५ पासून आहे. वॉशिंग्टनमध्ये तिला रनिंग स्टार्ट म्हणतात आणि ओहायोमध्ये कॉलेज क्रेडिट प्लस. फ्लोरिडात घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ड्युअल एनरोलमेंटसाठी (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेण्यासाठी) शिकवणी शुल्क पडत नाही. जॉर्जियात २०२० पासून सरकारी खर्चाने घेता येणाऱ्या क्रेडिट्सवर ३० ची मर्यादा आहे. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून न्यू जर्सीतील मावशीचा अनुभव कॅरीत जसाच्या तसा लागू होईल असे धरू नये.

कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात एक गोष्ट फार गंभीरपणे घ्यावी लागते. तिथली श्रेणी कायमची असते. तुमच्या मुलीने सोळाव्या वर्षी घेतलेल्या विषयात डी मिळाला, तर ती तिशीत अर्ज करील तेव्हाही तो डी तिच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर असेल. वैद्यकीय शिक्षणाचा विचार असलेल्या मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अर्ज ज्या सामाईक सेवेमार्फत जातो, त्या एएमकॅसला विद्यार्थ्याने आयुष्यात घेतलेल्या प्रत्येक कॉलेज विषयाची नोंद लागते. शाळेत असताना घेतलेले विषयही त्यात येतात आणि त्यांच्या श्रेणी जीपीएत धरल्या जातात. विद्यापीठाने ते क्रेडिट स्वीकारलेच नसेल, तरीही श्रेणी मोजली जाते. पालकांना हे सांगितले की ते पुष्कळ वेळा थक्क होतात.

माझी स्वतःची चूक इथे सांगणे आवश्यक आहे. थोरला अकरावीत असताना मी त्याला एकाच सेमिस्टरमध्ये रसायनशास्त्र, कॅल्क्युलस आणि लेखन असे तीन विषय घेऊ दिले. त्याची हुशारी मला दिसत होती. पण प्रयोगशाळेचे अहवाल, गणिताचा रोजचा गृहपाठ आणि निबंधांच्या तारखा एकमेकांवर आदळतील हे मला दिसले नाही. ऑक्टोबरमध्ये तो रात्री एक वाजेपर्यंत जागत होता. विषय सोडण्याची मुदत टळून गेली तेव्हा मी जागी झाले. रसायनशास्त्रात त्याला सी मिळाला. त्या विषयाची त्याला खरी गोडी होती आणि ती गोडी परत यायला दोन वर्षे लागली, याचे मला त्या श्रेणीपेक्षा अधिक वाईट वाटते.

म्हणून पहिल्या सेमिस्टरमध्ये एकच विषय, फार तर त्याच्या जोडीला एसीए १२२ हा कॉलेजची ओळख करून देणारा एका क्रेडिटचा विषय, एवढेच घ्यावे. वर्ग सुरू होताच दोन तारखा स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लिहा. पहिली तारीख साधारण दहा टक्के वर्ग झाल्यावर येते. तिच्याआधी विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. दुसरी तारीख माघार घेण्याची अंतिम मुदत. तिच्याआधी सोडल्यास डब्ल्यू (माघार घेतल्याची खूण) राहतो, पण जीपीएवर परिणाम होत नाही. एखाद-दुसऱ्या डब्ल्यूने काही बिघडत नाही. मात्र असे बरेच साठले तर पुढे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीसाठी विद्यार्थ्याची शैक्षणिक प्रगती मोजताना ते अडचणीचे ठरू शकतात, कारण घेतलेल्या विषयांपैकी किती पूर्ण केले हेही तिथे पाहिले जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत विशेष अवघड जाते. मुलगी कॉलेजात शिकू लागली की तिथल्या नोंदींवरील हक्क केंद्रीय कायद्याने तिचा होतो, मग तिचे वय सोळा का असेना. तुम्ही प्राध्यापकांना ई-मेल लिहून तिच्या गुणांची चौकशी केली, तर तिच्या लेखी संमतीशिवाय ते बहुधा बोलणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. मराठी शाळेच्या गुरुजींना जसे आपण दारात गाठून विचारतो, तसे इथे चालत नाही. प्राध्यापकांना कसे लिहावे, त्यांच्या कार्यालयीन वेळेत जाऊन शंका कशी विचारावी, आजारी पडल्यास आधी कसे कळवावे, हे तिला दहावीतच शिकवा. मी दरवर्षी पाहते की ही सवय असलेली मध्यम बुद्धीची मुले तिथे चांगली रमतात.

दुसरा मार्ग परीक्षांचा आहे आणि त्यातही क्लेप या, स्वतः अभ्यास करून कॉलेजचे क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षांबद्दल आपल्या लोकांत फार कमी बोलले जाते. एपी (हायस्कूलच्या मुलांसाठी कॉलेज पातळीच्या परीक्षा) घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडेच क्लेपही आहे. त्या १९६७ पासून चालू आहेत आणि एकूण ३४ विषयांत घेतल्या जातात. परीक्षा संगणकावर आणि बहुतेक विषयांत दीड तासाची असते. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि सर्वसाधारणपणे ५० गुणांना क्रेडिट देण्याची शिफारस असते. वर्षभरात केव्हाही, तयारी झाली की परीक्षा देता येते. शुल्क शंभर डॉलरच्या आसपास असते आणि परीक्षा केंद्राचे शुल्क वेगळे. मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेचे विनामूल्य अभ्यासक्रम आहेत आणि ते पूर्ण केल्यास ती संस्था परीक्षेचे शुल्क भरण्याची सोयही करते.

क्लेपचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. अनुत्तीर्ण झाले तर कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही, आणि उत्तीर्ण झाले तर क्रेडिट मिळते, श्रेणी नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बसता येते. घरी वर्षभर मनापासून अमेरिकेचा इतिहास वाचलेल्या मुलीने मे महिन्यात क्लेप देणे म्हणजे झालेल्या अभ्यासाची बाहेरून पावती घेणे. तुमच्या मुलीला इतिहास आवडतो, तर दहावीच्या अखेरीस हाच तिचा पहिला प्रयत्न असावा असे मी सुचवीन. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्याही क्लेप परीक्षा आहेत. परंतु ज्या विषयावर तिचे मेजर उभे राहणार आहे, त्यात क्लेपच्या वाटेला जाऊ नका. नामांकित खाजगी विद्यापीठे क्लेप बहुधा मानत नाहीत, आणि जीवशास्त्राचा पाया एका दीड तासाच्या बहुपर्यायी परीक्षेवर सोडणे मला पटत नाही.

एपीच्या परीक्षा सर्वांना परिचित आहेत, त्यामुळे इथे फक्त घरी शिकणाऱ्यांची अडचण सांगते. परीक्षा मे महिन्यात शाळांमध्येच होते आणि तुमच्या मुलीला बाहेरची विद्यार्थिनी म्हणून बसू देणारी शाळा तुम्हालाच शोधावी लागते. शाळांना परीक्षेची मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवावी लागते. मार्चमध्ये चौकशी करणाऱ्या पालकांना दरवर्षी निराश व्हावे लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जवळच्या तीन-चार शाळांच्या एपी समन्वयकांना फोन करा. एखाद्या शाळेने नकार दिला तरी मनाला लावून घेऊ नका. पर्यवेक्षकांची आणि खोल्यांची त्यांची अडचण खरी असते. ट्रान्सक्रिप्टवर विषयाच्या नावात एपी हा शब्द लिहायचा असेल, तर तुमचा सिलॅबस (विषयाचा सविस्तर आराखडा) कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पालकांनाही तो सादर करता येतो. तसे केले नसेल तर विषयाला साधे नाव द्यावे आणि परीक्षेचे गुण वेगळे दाखवावे.

याशिवाय ऑनलाइन स्वस्त क्रेडिट देणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षण संस्थांच्या संघटनेची शिफारस असल्याचे त्या सांगतात आणि अनेकदा ते खरेही असते. पण शिफारस ही शिफारसच असते. मानायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ ठरवते. थॉमस एडिसन स्टेट किंवा चार्टर ओकसारख्या, मुख्यतः नोकरदार प्रौढांसाठी असलेल्या संस्थांत अशी क्रेडिट्स मोठ्या प्रमाणावर चालतात. तुमच्या मुलीचा रस्ता त्या दिशेचा नाही, त्यामुळे यावर वेळ घालवू नये.

आता वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने नेमके काय करावे याबद्दल माझे मत स्पष्टपणे सांगते, कारण यात अनुभवी मंडळीही वेगवेगळे सल्ले देतात. बीआयओ १११ (जीवशास्त्र) आणि सीएचएम १५१ (रसायनशास्त्र) हे विषय कम्युनिटी कॉलेजात उपलब्ध आहेत आणि करारातही आहेत, म्हणून ते लवकर उरकावेत असा मोह होतो. मी तो टाळायला सांगते. अनेक वैद्यकीय महाविद्यालये प्रवेशासाठी आवश्यक असलेल्या विज्ञान विषयांत एपीचे क्रेडिट मानत नाहीत किंवा त्यावर वरच्या पातळीचा विषय मागतात, आणि हे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात घेतलेले असावेत असे काहींना वाटते. शिवाय सोळाव्या वर्षी या विषयांत मिळालेली श्रेणी तिच्या विज्ञानाच्या जीपीएत कायमची बसते. त्यापेक्षा जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र घरी, सूक्ष्मदर्शक आणि खऱ्या प्रयोगांसह, सावकाश आणि खोल शिकवा. अकरावीच्या मेमध्ये एपी बायोलॉजी देऊ द्या, आणि विद्यापीठात गेल्यावर पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र तिला पुन्हा घ्यावेसे वाटले तर घेऊ द्या. कम्युनिटी कॉलेजात मात्र लेखन, इतिहास, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र घ्या. यातील शेवटचे दोन विषय २०१५ पासून एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा एक पूर्ण भाग झाले आहेत, त्यामुळे तो अभ्यास दोनदा उपयोगी पडतो. या रीतीने ती बारावीअखेर साधारण २४ ते ३० क्रेडिट्स घेऊन बाहेर पडेल. तुम्ही ऐकलेल्या ६० क्रेडिट्सच्या निम्मी, पण जवळपास सगळी लागू पडणारी.

वाचलेले वर्ष पदवी लवकर संपवण्यासाठीच वापरले पाहिजे असेही नाही. विसाव्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाचा अर्ज करणाऱ्या मुलीकडे रुग्णालयात घालवलेला वेळ, संशोधनाचा अनुभव आणि माणसांशी वागण्याची परिपक्वता तुलनेने कमी असते. तीच क्रेडिट्स वापरून तिने चार वर्षांत दर सेमिस्टरला एक विषय कमी घेतला आणि तो वेळ अशा कामाला दिला, तर मला ते अधिक हिताचे वाटते.

दोन सापळे अजून सांगायचे राहिले आहेत. पहिला: काही खाजगी विद्यापीठांचा नियम असतो की हायस्कूल पूर्ण करण्याच्या अटीत धरलेला विषय पुन्हा कॉलेजचे क्रेडिट म्हणून चालणार नाही. माझ्या धाकटीच्या वेळी एका विद्यापीठाने याच कारणावरून तिची सहा क्रेडिट्स नाकारली, कारण मी तिच्या घरच्या ट्रान्सक्रिप्टवर कॉलेजचा इतिहास हाच बारावीचा इतिहास म्हणून दाखवला होता. कॉलेजचा एका सेमिस्टरचा विषय हायस्कूलच्या पूर्ण वर्षाइतका धरण्याची प्रथा आहे आणि कार्यक्रम फार भरला असेल तर तसे करणे सोयीचेही असते. पण खाजगी विद्यापीठाचा विचार असेल, तर यूएनसीला अपेक्षित असलेले चार इंग्रजी, चार गणित, तीन विज्ञान, दोन सामाजिक शास्त्रे आणि दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य भाषा हा साचा शक्यतो घरच्याच विषयांनी पुरा करा. कॉलेजचे विषय त्यावर अधिकचे म्हणून दाखवा. घरची शाळा असल्याने हे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, आणि सरकारी शाळेतील पालकांना तो नसतो.

दुसरा सापळा तारखेचा. शाळेत असताना मिळवलेली क्रेडिट्स कितीही असली, तरी बहुतेक विद्यापीठे विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाचा अर्जदार मानतात आणि पहिल्या वर्षासाठीच्या मोठ्या शिष्यवृत्त्यांना तो पात्र राहतो. डिप्लोमावर तारीख पडल्यानंतर कॉलेजचा विषय घेतला, तर काही ठिकाणी तो ट्रान्सफर अर्जदार ठरू शकतो. मे महिन्यात डिप्लोमा देऊन उन्हाळ्यात एखादा विषय उरकून घेऊ असे वाटले, तर आधी जिथे जायचे आहे त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा.

कागदांबाबत एवढेच की प्रत्येक कॉलेज विषयाचा सिलॅबस शेवटच्या आठवड्यात उतरवून ठेवा. सेमिस्टर संपल्यावर त्या विषयाचे ऑनलाइन पान विद्यार्थ्यांना बंद होते, आणि दोन वर्षांनी राज्याबाहेरच्या विद्यापीठाचा रजिस्ट्रार (नोंदी सांभाळणारा अधिकारी) नेमका तोच मागतो. पाठ्यपुस्तकाचे नाव, प्राध्यापकांचे नाव, वर्ग प्रत्यक्ष होता की ऑनलाइन आणि प्रयोगशाळा कशी होती, याचीही नोंद ठेवा. काही विद्यापीठे ऑनलाइन प्रयोगशाळा धरत नाहीत.

मराठीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण प्रत्येक मराठी घराला मी आवर्जून सांगते. क्लेपमध्ये भाषांचे क्रेडिट स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मनसाठीच आहे, मराठीसाठी नाही. तरीही बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून तुमच्या मुलीने रविवारी घेतलेले शिक्षण वाया गेलेले नाही. तासांची, वाचलेल्या पुस्तकांची आणि लेखनाची नीट नोंद ठेवली, तर ते घरच्या ट्रान्सक्रिप्टवर भाषा विषय म्हणून सन्मानाने लिहिता येते. दोन वर्षांच्या भाषेच्या अटीत विद्यापीठ ते धरील का आणि त्यासाठी बाहेरची प्रावीण्य चाचणी हवी का, हे प्रवेश कार्यालयाला नववीतच विचारून ठेवा, म्हणजे गरज पडल्यास स्पॅनिशला वेळ राहील. धाकटीने मराठीच्या पानाबरोबर आजीच्या ओव्यांवर लिहिलेला निबंध जोडला होता आणि प्रवेशाच्या मुलाखतीत तिला त्याबद्दलच सर्वाधिक विचारले गेले.

या महिन्यात करायचे काम लहान आहे. निवडलेल्या तिन्ही विद्यापीठांच्या रजिस्ट्रारना तुमच्या मुलीनेच एक ई-मेल लिहावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: बारावीपूर्वी मिळवलेली किती क्रेडिट्स तुम्ही घेता, हायस्कूलच्या अटीत धरलेला विषय चालतो का, क्लेप आणि एपीचा तुमचा तक्ता कुठे पाहावा, आणि डिप्लोमानंतरच्या उन्हाळ्यातील विषयाने अर्जदाराचा प्रकार बदलतो का. उत्तरे यायला दोन-तीन आठवडे लागतील. ती आली की छापून तिच्या शाळेच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा, आणि नववीच्या विषयांचा कच्चा आराखडा त्यांच्याबरोबर मला पाठवा. ऑगस्टच्या आत आपण तो ओळीने तपासू.